टेकडीवरचा खड्डा

काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलामागे बाबांनी मिनी गोल्फ बांधलं, तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. बाबांचं खरं काम गच्च्यांना उतार काढून देण्याचं. त्यांनी केलेल्या गच्चीवर पाणी थांबत नसे. गोल्फ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हॉटेलच्या शेठनी दिलेलं इंग्रजी पुस्तक मी त्यांना मराठीत सांगायची.

सुरुवातीचे खड्डे मजेचे होते. एकात चेंडू टायरमधून जायचा, एकात छोट्या पुलावरून. पण बाबा रंगत गेले. शेवटचा, नववा खड्डा त्यांनी माझ्या कमरेएवढ्या टेकडीच्या टोकावर घेतला. चारी बाजूंनी उतार, आणि आत पाणी जाऊ नये म्हणून खड्ड्याभोवती सिमेंटची कड. ती कड मला खटकली होती. पण उताराच्या बाबतीत बाबांना कोण सांगणार?

रविवारी शेठ घरच्यांना घेऊन आले. "मजा आली तर ठेवू, मिस्त्री. नाहीतर ट्रकवाले रोज विचारतात, पार्किंग करून टाकू."

शेठच्या आईला सगळे बा म्हणत. नातवंडांशी भांडत त्या आठही खड्डे खेळल्या. "ए, पाय लावला तू! चीटर!"

टेकडीवर त्यांचा चेंडू कडेला थडकून त्यांच्याच चपलेपाशी आला. सगळे हसले. नातवंडांचंही तेच झालं, पुन्हा हसले. मग कुणी हसेना.

"जोरात मारा, बा," बाबा म्हणाले. जोरात मारलेला चेंडू उडून शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर वाजला.

"कुणालाच जमत नाही बघा!" बाबा खुशीत म्हणाले.

शेठ मात्र मैदानाकडे बघत तिथे किती ट्रक मावतील ते बोटांवर मोजत होते.

मी गोल्फची काठी बाबांपुढे केली. "बाबा, तुम्ही मारून बघा ना."

त्यांनी काठी घेतली. चेंडू परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. मुलं जेवायला पळाली. बाबा मान खाली घालून मारतच राहिले.

"अरे, वर वाटीसारखं कर ना, मिस्त्री," बा म्हणाल्या. "चेंडू बसेल तरी!"

"पाणी साचेल, बा."

"साचू दे की! गच्ची आहे का ही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली.

"पुढच्या रविवारी बघू," शेठ म्हणाले. बाबांनी कडेवर पहिला घाव घातला.