एक मूठ, दोन नळ्या

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या कारखान्यात दिना किहीमकरला सगळे 'मिसेस नो' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ती तिथं तपासनीस होती. लेथवरचा टर्नर आपला पार्ट घेऊन यायचा, तिच्या टेबलावर ठेवायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. दिना मायक्रोमीटर फिरवायची, मग चष्म्यावरून बघायची.

"नो."

"केसभराचा तर फरक आहे, दिना!"

"कुणाच्या केसाचा? तुला तर टक्कल आहे."

ती एकोणसत्तर साली मुंबईहून विलायतेत आली, अब्राहमची बायको म्हणून. अब्राहम स्लाऊमध्ये बस चालवायचा. घरात मराठी, दारावर ज्यूंचा मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची डबी, आणि शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवे लागले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात नाही. या एका गोष्टीत दिनानं कधी केसभराचाही फरक चालवून घेतला नव्हता.

नेमबाजी तिच्याकडे चालून आली. कारखान्याच्या क्लबाला तळघरात एक छोटी रेंज होती, आणि केन रिडली नावाचा कार्डिफचा निवृत्त सार्जंट तिथं शिकवायचा. ऐंशी साली नाताळच्या पार्टीत तो सगळ्यांना गंमत म्हणून पाच-पाच गोळ्या मारायला देत होता. दिनानं मारल्या. केननं कागद उजेडात धरला, मागून-पुढून बघितला.

"बाकीच्या चार कुठं गेल्या?"

"त्याच भोकात. मोजून घे."

त्यानंतर ती दर मंगळवारी जायला लागली. दोन वर्षांत तिचं स्वतःचं जर्मन स्पर्धेचं पिस्तूल आलं, टू-टूचं, म्हणजे सगळ्यात बारीक काडतुसाचं. अक्रोडाची मूठ तिनं स्वतःच्या तळव्याप्रमाणे घासून घेतली. तिचे गुण क्लबात पहिले असायचे. पण काउंटीच्या निवड-चाचण्या व्हायच्या शनिवारी. क्लबाच्या बोर्डावर दरवर्षी यादी लागायची आणि तिच्या नावापुढं दोनच शब्द असायचे: 'उपलब्ध नाही'. सहा वर्षं तिनं ते वाचलं. तिच्यापेक्षा कमी गुणांचे लोक काउंटीचा बॅज लावून हिंडत होते.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात केन बोर्डापाशी तिची वाट बघत उभा होता.

"दिना, सेंटर-फायरची टीम होतेय. चार जागा. थर्टी-टूचं मोठं काडतूस, साठ गोळ्या. चाचणी तेरा मार्चला, आणि पुढच्या सगळ्या मॅच..." तो नाटकी थांबला.

"बोल ना."

"रविवारी."

दिनानं बॅग खाली ठेवली. "माझ्याकडे थर्टी-टू नाही."

"पिस्तूल आहे ना? त्याच्यावर दुसरी नळी बसते. मूठ तीच, चाप तोच. वरचा भाग काढायचा, दुसरा चढवायचा, मॅगझिन बदलायचं. झालं थर्टी-टू."

"मग मला ते हवंच."

दुसरी नळी म्हणजे पोलिसांची परवानगी आली. एक तरुण अधिकारी घरी आला. बेडरूमच्या भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट त्यानं हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"म्हणजे आता पिस्तुलं किती होणार? एक की दोन?"

"दीड," दिना म्हणाली.

"कायद्यात दीड नसतं, मॅडम. दुसऱ्या नळीची वेगळी नोंद होईल. चावी कुणाकडे असते?"

"फक्त माझ्याकडे."

"मिस्टर किहीमकर, तुम्हाला ती कुठं ठेवलीय माहीत आहे?"

"साहेब," अब्राहम म्हणाला, "मला या घरात फक्त चहाच्या डब्याची जागा माहीत आहे. आणि ती पण ही बदलत असते."

परवानगी मिळाली, नळी आली, आणि दिनाचं खरं काम सुरू झालं. अडचण अशी होती की तळघरातल्या रेंजवर फक्त टू-टूला परवानगी होती. म्हणजे आठवडाभर सराव टू-टूवर, आणि थर्टी-टू महिन्यातून दोनदा, सरे काउंटीतल्या उघड्या रेंजवर. हाताला दोन वेगळी पिस्तुलं वाटली की संपलंच. दोन्ही मिळून एकच वाटायला हवं होतं.

थर्टी-टूचा वरचा भाग जड होता, तर तिनं टू-टूच्या नळीखाली बसेल असा पोलादाचा तुकडा करून घेतला. टकल्या टर्नरनं तो तीनदा बनवला. दोनदा "नो" ऐकलं. तिसऱ्यांदा तिनं पिस्तूल तराजूवर ठेवलं, नळी बदलून पुन्हा ठेवलं. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर. दोन्ही नळ्यांच्या नेम धरायच्या साईट तिनं एकाच उंचीवर आणल्या.

राहिला चाप. नियम असा, की चाप फार हलका नको. टू-टूला निदान एक किलोचा, थर्टी-टूला निदान तेराशे साठ ग्रॅमचा. तेवढं वजन चापाला अडकवून पिस्तूल सरळ वर उचलायचं. वजन जमिनीवरून उठलं पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. बाकीचे लोक नळी बदलली की चापाचा स्क्रूही फिरवायचे. दिनानं दोन्हीला एकच ठेवायचा ठरवला.

"टू-टूला उगाच जड चाप कशाला?" केननं विचारलं.

"टू-टूची स्पर्धा शनिवारी. मला तिथं जायचंय का? माझ्या बोटाला एकच चाप माहीत असू दे."

"बरं. पण चौदाशेच्या वर ठेव. चाळीस-पन्नास ग्रॅम हाताशी असू देत."

"तेराशे पासष्ट. पाच ग्रॅम पुष्कळ झाले."

"दिना, ही नेमबाजी आहे, घड्याळजीचं दुकान नाही."

"मोजता येतं ते अंदाजानं का करायचं?"

कारखान्यातून तिनं तपासलेल्या वजनांचा डबा मागून आणला. चाचणीच्या आधीच्या गुरुवारी चाप तेराशे पासष्टवर लावला, वीस वेळा उचलून पाहिला, आणि शुक्रवारी सकाळी डबा परत केला. संध्याकाळी पिस्तूल साफ करायला घेतलं. पाच चाळीसला दिवे लावायचे होते.

"अगं, पाच पंचवीस झाले!" खालून अब्राहम.

"आले, आले."

"आले म्हणणारी माणसं दिसतात गं!"

तिनं चापाच्या आतल्या पात्यांना तेलाचा एकेक थेंब दिला, पुसलं, पिस्तूल कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि धावत खाली आली. दिवे वेळेवर लागले.

रविवारी सकाळी सरेच्या रेंजवर ऊन होतं, आणि वाराही नव्हता. बावीस पुरुष आणि दिना. ती आत आली तशी दोघांनी वळून पाहिलं, एकानं विचारलं, "मिस्टर नाही आले मारायला?"

"आलेत. पण त्यांचा नेम फक्त बसस्टॉपवर बसतो."

तपासणीच्या टेबलाशी ट्वीडची टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी रिकामं पिस्तूल घेतलं, चापाला वजनाचा आकडा लावला, वर उचललं.

खट्ट. चाप सुटला; वजन जमिनीवरच.

दुसऱ्यांदा खट्ट. तिसऱ्यांदाही खट्ट.

"सॉरी, मॅडम. नो."

दिनानं वजन हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं हे वजन शेवटचं कधी तपासलंय?"

केननं डोळे मिटले. गृहस्थांनी न रागावता खणातून एक प्रमाणपत्र काढलं. दिनानं ते उभ्या-उभ्या पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. फेब्रुवारीतलं होतं. निर्दोष होतं.

"वजन बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

"वीस मिनिटं आहेत," गृहस्थ म्हणाले. "एकदाच परत आणता येईल. तेव्हा नाही उचललं, तर आजचा दिवस संपला."

बाहेर बाकावर अब्राहम थर्मास उघडून बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं झाकण पुन्हा लावलं.

"काय गं?"

"शुक्रवारी तेल घातलं. तेलानं चाप हलका झाला, आणि मी परत मोजलं नाही. कारखान्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं."

"मीच घाई केली."

"तुम्ही वेळ सांगितलीत. मोजायचं माझ्याकडे होतं."

केन खाली बसला. "ऐक. स्क्रू दोन फेरे आवळ. नक्की उचलेल."

"उचलेल. मग मी ओढणार कशी, दोन्ही हातांनी? सहा महिने बोटाला जे शिकवलं ते वाया जाईल."

"मग अर्धा फेरा. अंदाजानं."

"आणि तेवढ्यानं नाही उचललं तर?"

केननं घड्याळ पाहिलं. दिना उठून उभी राहिली. समोर कँटीनची खिडकी उघडी होती, आणि आतल्या फळीवर सामान मांडलेलं होतं. ती दोन क्षण तिकडं बघत राहिली.

"अहो, कँटीनमध्ये जा. साखरेचं न उघडलेलं पाकीट, एक किलोचं. लोण्याचं एक, अडीचशे ग्रॅमचं. चहाचं लहान, सव्वाशेचं. आणि एक कॅरियर बॅग."

"दिना, आपण इथं पिकनिकला..."

"अहो, जा ना!"

अब्राहम गेला. बस चालवणारा माणूस इतक्या जोरात पळू शकतो हे केननं पहिल्यांदाच पाहिलं.

"हिशोब कर," दिना केनला म्हणाली. "हजार, अडीचशे, सव्वाशे: तेराशे पंच्याहत्तर. वर कागद आणि पिशवी. पाकिटात माल कमी भरला तर कंपनीला कोर्टात जावं लागतं, म्हणून ते थोडा जास्तच भरतात. ही पिशवी उचलली, तर त्यांचं वजन उचलणारच. आणि उगाच पन्नास ग्रॅम जड पण होणार नाही."

"तू साखरेवर चाप लावणार?"

"सीलबंद साखरेवर."

केनच्या देखरेखीखाली, मॅगझिन काढून, नळी मोकळी आहे हे दोघांनी दोनदा बघून, दिनानं पिस्तुलाच्या चापाला कॅरियर बॅग अडकवली. आसपासचे लोक जमले. एकानं विचारलं, "केक करताय का?"

स्क्रू पाव फेरा. खट्ट. अजून थोडा. खट्ट. तिनं श्वास सोडला, नखाएवढा फिरवला, उचललं. पिशवी जमिनीवरून उठली आणि हवेत हळूच गोल फिरली. चाप धरून राहिला. पाच वेळा उचललं, पाचही वेळा धरून राहिला.

टेबलाशी गृहस्थांनी वजन लावलं, उचललं, आणि डोक्यावरची टोपी थोडी वर केली. "येस, मॅडम."

पहिला अर्धा भाग सावकाशीचा होता, पाच-पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या. पहिल्या फेरीत बोटाला फरक जाणवला. जिथं चाप सुटायला हवा तिथं तो अजून थोडा थांबायचा. पन्नासपैकी चव्वेचाळीस. मागून केनचा खोकला ऐकू आला. दिनानं पिस्तूल खाली ठेवलं, हात झटकले आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "असा आहेस होय तू? बरं. अस." आणि थांबून, वाट बघून ओढायला लागली. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस.

दुसऱ्या भागात निशाण वळून तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात वर, एक गोळी, आणि निशाण पुन्हा पाठमोरं. इथं विचाराला जागाच नव्हती, आणि तिच्या बोटाला तोवर नवा चाप पाठ झाला होता. काहीजण घाईनं चाप ओढायला लागले. तिचा हात दर वेळी त्याच उंचीवर येऊन थांबायचा. दोनशे पंच्याऐंशी.

एकूण पाचशे पासष्ट, म्हणजे चौथी. पाचव्याला पाचशे त्रेसष्ट.

काउंटीच्या कॅप्टननं चार नावं वाचली. तीन सरळ, चौथ्यापाशी अडखळला. "मिसेस कि... किही..."

"किहीमकर," ती खणखणीत म्हणाली. "घाई नाही. वर्षभर आहे शिकायला."

लोक हसले. कॅप्टनही हसला, आणि पुन्हा, या वेळी नीट, म्हणाला. मग यादी खिशात घालून तिच्यापाशी आला.

"पहिली मॅच पंधरा मे. रविवार, कार्डिफला. येणार ना?"

"शनिवारी चांदण्या दिसल्या की निघेन."

केन शेजारी उभा होता. डोळे पुसत नव्हता, पण नाक मात्र दोनदा शिंकरलं. "माझ्या गावात हरलीस ना, तर माझी आई मला घरात घेणार नाही."

"आईला सांग, जेवायला तिघं येताहेत," दिना म्हणाली. "आणि स्वयंपाकाला लागू नको म्हणावं. मासे मी करून आणते."