कानबाईची एस्टी

आमच्या कुळात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायचा मान अक्कांचा. अक्का म्हणजे माझी मोठी काकू. श्रावणात कानबाई बसते त्या रविवारच्या आधी, पाचोऱ्याजवळच्या गावच्या घरी, त्या पाटावर बसतात आणि घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सुपात मूठ मूठ गहू टाकतात. ज्याच्या नावाची मूठ पडली त्यानंच रोट खायचा. लग्न होऊन गेलेल्या मुलीची मूठ सासरी पडते, म्हणून माहेरच्या सुपात ती धरत नाहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी धुळ्याचं सासर सोडून जळगावला भावाकडे परत आले ते श्रावणाच्या तोंडावर. एस्टीत बसायला जागा मिळाली नव्हती. एका हातात बॅग, एका हातानं वरची दांडी धरलेली, अशी पारोळ्याच्या पुढपर्यंत उभीच होते. रडू येईल म्हणून वाट पाहत होते, ते आलं नाही. त्याऐवजी एक गाणं सुचलं. कानबाई माहेरी निघाली आहे, तीही उभी आहे, आणि कंडक्टर तिला पुढे सरक, पुढे सरक म्हणतो आहे.

माय मनी एस्टीमा चढनी, तिले जागा नही दिन्ही कोनी.

त्या वर्षी अक्का गहू मोजायला बसल्या तेव्हा मी दाराशी उभी होते. भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, सगळ्यांच्या मुठी पडल्या. मग अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मूठ भरलेली होती. ती त्यांनी परत पोत्यात सोडली आणि सूप वहिनीकडे सरकवलं. रोटांच्या दिवशी मी आतल्या खोलीत वरणभात खाल्ला. चव लागली नाही, पण पोट भरलं.

रात्रीच्या गाण्यांना मात्र मला कुणी अडवलं नाही. बायकांचा आवाज बसायला लागला तेव्हा मी माझं गाणं म्हटलं. गाण्यात कंडक्टर आला आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. अक्कांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुढच्या वर्षी त्या ते स्वतः म्हणू लागल्या.

पुढे मी भावाकडे जळगावातच राहिले आणि एका शाळेत शिकवू लागले. तेच गाणं घेऊन मी धुळ्याला एका संपादकांकडे गेले. निवृत्त मुख्याध्यापक, दिवाळी अंक काढायचे. आपल्या भागात लिहिणाऱ्याला त्यांच्या ओट्यावरूनच पुढे जावं लागायचं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, अहिराणी घरात बोलायला गोड आहे. छापायचं तर प्रमाण भाषेत लिहा. आणि देवीला एस्टीत कशाला बसवता?" मी प्रमाण भाषेत लिहून पाहिलं. कंडक्टर 'वाहक' झाला आणि गाणं मेलं. ते मी त्यांना दाखवलंच नाही.

मग वारं फिरलं. अहिराणीचे मेळावे भरू लागले, मोबाइलवर अहिराणी गाणी वाजू लागली, आणि त्याच संपादकांनी लोकगीतांचा खास विभाग काढला. गाणी गोळा करत ते आमच्या गावीही येऊन अक्कांकडून गाणी उतरवून घेऊन गेले, हे मला अंक हातात पडल्यावर कळलं. पहिल्याच पानावर माझं गाणं होतं. खाली लिहिलं होतं: पारंपरिक. परंपरेत एस्टीचा कंडक्टर कुठून आला, हे त्यांच्या डोक्यात आलेलं दिसलं नाही.

इथे मला राग आला असं लिहायला हवं. आला नाही. अंक पिशवीत टाकून मी वर्गावर गेले, मुलांना भागाकार शिकवला. सुट्टी पडल्यावर पाचोऱ्याची गाडी धरली.

अक्कांना पान वाचून दाखवलं. त्या खुश झाल्या. मी विचारलं, "अक्का, माझं नाव का नाही सांगितलं?"

"नाव सांगं ना मी," अक्का म्हणाल्या. "त्यानी आडनाव इचारं. मी कोनतं सांगू? धुयानं का आठलं?"

धुळ्याचं की इथलं, हे त्या खोचून बोलल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मग त्यांनी पदरानं अंकाचं मुखपृष्ठ पुसलं आणि तो देव्हाऱ्यात ठेवला.

यंदा अक्कांचे हात फार थरथरतात. गहू सुपाबाहेर सांडायला लागले तसं त्यांनी मला हाक मारली आणि पाटावर बसवलं. "तू टाक मुठी. मी देखस."

मी भावाची मूठ टाकली. वहिनीची टाकली. भाच्याची, नव्या सूनबाईची, अक्कांची स्वतःची. नावं मीच घेत होते. नावं संपली तरी माझा हात पोत्यात होता, मुठीत गहू होते. अक्का माझ्या हाताकडे पाहत होत्या. वहिनी स्वयंपाकघरात होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"बठ्ठा झाया का?" अक्कांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, "नीट देख. कोनी ऱ्हायनं का?"

मी मूठ पोत्यात सोडली.

"सगळे झाले, अक्का," मी म्हटलं, आणि सूप वहिनीकडे नेऊन दिलं.