माझं चंद्रपूरला कोणी नाही

१. गेल्या वर्षी आजच्याच दिवशी दुपारी १२ वाजून ४१ मिनिटांनी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

२. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, चंद्रपूरच्या एक आज्जी हितं बसल्यात. बरं वाटंना त्यांना. तुमचा नंबर सांगितला."

३. मी म्हणाले, "माझं चंद्रपूरला कोणी नाही."

४. तो म्हणाला, "नंबर तर तुमचाच दिलाय की."

५. मी फोन कट केला आणि नंबर ब्लॉक केला. कॉल ३८ सेकंदांचा होता.

६. सव्वातीनला हॉस्पिटलमधून बाबांना फोन आला. माझी आत्या गेली होती.

आत्या चंद्रपूरची नव्हती. ती जन्मली सोलापुरात, शिकली सोलापुरात, शाळेत शिकवलं तेही सोलापुरात.

चंद्रपूर तिला मी दिलं होतं. नऊ वर्षांची असताना.

तेव्हा आजी अंथरुणावर होती. दुपारी चारचं औषध ती फक्त आत्याच्या हातून घ्यायची. त्यामुळे आमच्या घरून सुट्टीत कोणी कुठे जात नसे. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली गावाला गेल्या होत्या आणि मी तोंड पाडून बसले होते.

आत्या म्हणाली, "चल, आपण पण गावाला जाऊ. चारच्या आत परत."

तिनं पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याची बाटली आणि अंथरायला जुनी चादर घेतली. आम्ही सिटी बसमध्ये बसलो आणि कधीच उतरलो नव्हतो अशा स्टॉपचं तिकीट काढलं.

बसमध्ये तिनं नियम सांगितले. आपण बाहेरगावचे. माहीत असलं तरी "माहीत आहे" म्हणायचं नाही. आणि कुठल्या गावचे, ते तू ठरव.

मी भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा आठवला आणि सोलापूरपासून सगळ्यात लांबचं नाव घेतलं. गडचिरोली त्याहून लांब आहे, हे नंतर लक्षात आलं.

उतरल्यावर आत्यानं एका किराणा दुकानदाराला विचारलं, "दादा, इथं बघण्यासारखं काय आहे हो?"

"हितं?" त्यानं रस्त्याकडं असं बघितलं, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. "मारुतीच्या मागं विहीर हाय. जुनी हाय. पण पाणी न्हाय."

"चालेल की."

"कुठनं आलाव?"

"चंद्रपूरहून."

"लई ऊन असतंय म्हणं तितं."

"तुमच्यापेक्षा जास्त."

"ते न्हाय पटत," तो म्हणाला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून स्वतः विहीर दाखवायला आला.

अशा आम्ही बऱ्याच ट्रिपा केल्या. कोणी घरातला नवा झोपाळा दाखवला, कोणी चिंचेचं झाड. मला आजवर कुठल्याही टूरमध्ये इतक्या आपुलकीनं कोणी काही दाखवलेलं नाही.

आठवीपासून मी जायचं बंद केलं. कोणी ओळखीचं भेटलं तर काय, ही भीती.

आजी गेल्यावर आत्या मोकळी झाली. आता ती कुठेही जाऊ शकत होती. तरी दर गुरुवारी पिशवी घेऊन सिटी बसनंच जायची. पुण्यात नोकरी लागल्यावर मी तिला म्हणाले, "आत्या, आता हे खोटं गावाला जाणं पुरे. मी तुला केरळला नेते."

ती म्हणाली, "खोटं काय गं त्यात? बस खरी होती की."

मग जरा वेळानं, "ने. तू म्हणशील तेव्हा."

मी कधी म्हणालेच नाही.

माझा नंबर तिला पाठ होता. तो मीच पाठ करून घेतला होता, कारण गावाला जाताना फोन घरी ठेवायचा हाही तिचा नियम होता.

आता माझ्या बाजूचं. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये फ्रॉड कॉलवर ट्रेनिंग झालं होतं. अनोळखी नंबर, आजारी नातेवाईक, घाई. तिन्ही गोष्टी जुळल्या. मी शिकवल्याप्रमाणे वागले.

पण त्या कॉलमध्ये मागे यंत्रमागाचा आवाज होता. कोणीतरी बाई तेलुगूत काहीतरी सांगत होती. सोलापुरात वाढलेल्या मुलीला हे सोलापूरच आहे, ते कळायला हवं होतं.

पावणेतीनला, मीटिंग संपल्यावर, चंद्रपूर आठवलं. आत्याला फोन लावला. तो घरात फ्रिजवर वाजत राहिला. तेव्हा ब्लॉक काढून त्या माणसाला फोन करायला हवा होता. योगायोग असेल, असं स्वतःला सांगून मी लॅपटॉप उघडला.

बाबांचा नंबर हॉस्पिटलला तिच्या पिशवीतल्या चष्म्याच्या पावतीवर मिळाला. केसपेपरवर पत्ता लिहिला होता, "चंद्रपूर". शेवटपर्यंत तिनं नियम मोडला नाही, की सांगण्याइतका श्वास उरला नव्हता, मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. मी त्यांना "फार म्हणजे किती" असं विचारलं नाही.

ब्लॉक काढायला मला अकरा महिने लागले. आता तो नंबर बंद आहे.

तिला हॉस्पिटलला आणणाऱ्या रिक्षावाल्यानं बाबांना एवढंच सांगितलं होतं: सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्याच्या ओट्यावर त्या बसल्या होत्या, तिथला एक माणूस रिक्षातून हॉस्पिटलपर्यंत आला, आणि त्यांना आत नेल्यावर कामावर परत गेला. तो गुरुवार होता.

आत्या, मला तुझ्याबरोबर यायला हवं होतं. केरळला नाही, त्या स्टॉपला.

त्या माणसाला कोणी ओळखत असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. आभार मी समोर येऊन मानेन. त्याआधी एकच विचारायचं आहे.

दादा, मी "माझं चंद्रपूरला कोणी नाही" म्हणाले, तेव्हा तुमचा फोन स्पीकरवर होता का?

जे असेल ते सांगा. येत्या गुरुवारी मी सोलापुरात आहे. बुधवार संध्याकाळपर्यंत कळवा.