तुसाची राख

१२ फेब्रुवारी २००७, मागणीचा दिवस. वीस पोती, भाडं धरून तीन हजार सहाशे रुपये. हजर तिघे: आमच्या तांबरमच्या कॉलेजातले प्राध्यापक, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी आणि सामानाची खरेदी बघणारा मी.

मुलीचा प्रयोग कचऱ्याच्या डोंगरावर पसरायच्या मातीवर होता. त्या मातीत भाताच्या तुसाचा कोळसा मिसळला की ती भुसभुशीत राहते, ओल धरते आणि खालून येणारा मिथेन तिच्यातले जीवाणू खातात. तूस हवा कोंडून जाळलेलं हवं, काळं, हे तिने मला दोनदा सांगितलं. मला ते नवं नव्हतं. तंजावरच्या आमच्या मराठी घरात त्यानेच दात घासत, हे मी तिला सांगितलंही. शेजारचे तमिळ लोक त्याला उमिक्करी म्हणत; उमि म्हणजे तूस, करी म्हणजे कोळसा. आम्ही मात्र घरात ‘तुसाची राख’ म्हणायचो. मागणीपत्र तमिळमध्ये लिहिताना मी घरचाच शब्द शब्दशः उतरवला: उमि सांबल. सांबल म्हणजे राख. प्राध्यापकांनी न वाचता सही केली.

भाताच्या गिरणीने राखच पाठवली, बॉयलरमधली. मुलगी आठवडाभर गावी होती. मी पोती मोजली, वीस भरली. एकाचंही तोंड सोडून पाहिलं नाही. तिने लिहून दिलेल्या प्रमाणात मजुरांकडून मातीत मिसळून घेतली.

चार महिन्यांत प्रयोगाचा वाफा दगडासारखा झाला, भेगा पडल्या, वायू सरळ वर येऊ लागला. तिने उरलेलं पोतं उघडलं आणि मूठभर करडी पूड माझ्या टेबलावर ठेवली.

“सार, याने दात घासून दाखवा.”

शिष्यवृत्तीच्या समितीपुढे प्राध्यापक म्हणाले की विद्यार्थिनीने माल तपासला नाही. मागणीपत्राची फाइल माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली नाही. तिची शिष्यवृत्ती वाढली नाही.

नंतर मी प्राध्यापकांना ते मागणीपत्र दाखवलं. ते म्हणाले, आता फाइल बंद करा.

ऑगस्टमध्ये मी गिरणीत गेलो. कारकुनाने माझंच पत्र काढून पुढे ठेवलं. “करी हवं होतं तर करी लिहायचं, सार.” मुलगी तोवर पीएच.डी. सोडून शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. पैसे मोजताना मला ते ठाऊक होतं. तरी वीस पोती कोळसा घेतला. तीन हजार सहाशे, माझ्या पगारातले, त्या कारकुनाला दिले. पावतीवर काय लिहू, असं त्याने विचारलं. मी अक्षरं सुटी करून सांगितली: उ, मि, क्क, री.