दुसरं पान

आमच्या कचेरीत त्यांना सगळे 'खात्रीवाले' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. टपालाचं पाकीट चिकटवलं की उन्हाकडे धरून आत कागद आहे ना, ते पाहायचे. असा माणूस घरात असला तर बायकोचं डोकं फिरतं, पण हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीत असला तर बरं वाटतं. मी चौकशीच्या खिडकीवर बसायचे आणि ते माझ्या पाठीमागे, शोधयंत्रापाशी.

दवाखाने, निवारे, चौक्या, शवागार अशा एकोणीस ठिकाणच्या नोंदवह्या संगणकात एकोणीस वेगवेगळ्या सूच्या होऊन आमच्याकडे यायच्या. अनोळखी माणसाच्या नोंदीला नाव नसतं, अंगावरची खूण एवढाच धागा. ती खूण टाकली की यंत्र सगळ्या सूच्या एकदम धुंडाळायचं. पण प्रत्येकाच्या रकान्यांची तऱ्हा निराळी. कुणी वय आकड्यात लिहायचं, कुणी अक्षरात. क्वचित कुणाकडे खुणेचा रकाना नीट भरलेला असायचा, पण शोधासाठी खुला नसायचा. नोंद उघडली तर वाचता येईल, शोधली तर हाती लागणार नाही. आणि यंत्र असं बेरकी, की अशा वेळी चकार शब्द काढायचं नाही. 'काही सापडलं नाही' म्हणून मोकळं व्हायचं.

म्हणून खात्रीवाले दर सोमवारी सगळ्या सूच्यांना मिळून एकच प्रश्न टाकायचे: तुमच्याकडे कुठले रकाने आहेत, कुठल्या प्रकारचे आहेत आणि कुठला शोधता येत नाही? उत्तर छापून भिंतीवर टाचायचे. पहिल्या पानावर रकाने आणि त्यांचे प्रकार. दुसऱ्या पानावर फक्त अपवाद, म्हणजे कुठल्या सूचीत काय शोधता येत नाही ते.

हे दुसरं पान महिनोन्‌महिने कोरं निघायचं. भिंतीवर जागा नव्हती आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

"कोरा कागद कशाला टाचता हो? खात्रीलाही काही हद्द असते!" मी सगळ्यांसमोर म्हटलं. कचेरी हसली. ते ओशाळले, आणि पुढच्या सोमवारपासून एकच पान छापायला लागले.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एक बाई आली. साठीची, शिवणकाम करणारी, बोटांना सुयांचे वण. तिशीतली मुलगी कामावर गेली ती परतलीच नव्हती. खूण विचारली तर म्हणाली, "डाव्या कोपरावर इस्त्रीचा डाग आहे. लहानपणी माझ्याच हातून भाजली."

मग ती दर गुरुवारी यायची. आवारातल्या बाकावर बसायची. खात्रीवाले स्वतः बाहेर जाऊन सांगायचे, "काही नाही, मावशी."

"आणि शवागारात?"

"तिथलंही बघितलं. नाही."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

तिचा जीव भांड्यात पडायचा. "नाही म्हणजे कुठंतरी आहे," असं म्हणून ती डबा उघडायची आणि शांतपणे जेवायची. शवागारात नातेवाइकांना थेट सोडत नसत. आमची चिठ्ठी लागायची, आणि यंत्रात सापडल्याशिवाय चिठ्ठी निघायची नाही.

बाराव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, शवागाराचा कारकून एक यादी घेऊन आला. दोन महिने वाट पाहून बेवारस म्हणून पुरलेल्यांची यादी होती, आमची सही हवी होती. खात्रीवाल्यांनी सवयीप्रमाणे एकेक ओळ वाचायला घेतली. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'स्त्री, अंदाजे तीस. डाव्या कोपरावर भाजल्याचा जुना डाग.'

ते उठून यंत्रापाशी गेले आणि दुसरं पान छापलं. त्यावर एकच ओळ होती: खुणेचा रकाना, शवागाराच्या सूचीत शोधता येत नाही. शवागारानं आपली नोंदवही बदलली होती, ती बाई आमच्याकडे पहिल्यांदा आली त्याच्या आदल्याच सोमवारी.

"मी सांगते तिला," मी म्हटलं.

"नको. खात्री मी दिली होती."

दुसऱ्या दिवशी ती आली. ते बाकावर तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. ती रडली नाही. बराच वेळ डब्याचं झाकण चाचपत राहिली.

"कुठं ठेवली होती?"

त्यांनी समोरच्या, शवागाराच्या हिरव्या दाराकडे बोट केलं. बाकापासून वीस पावलं असेल.

"कधी नेली?"

"तीन आठवडे झाले. कुठं पुरलंय ते दाखवायला मी येतो, मावशी."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे आठ गुरुवार ती त्या दारामागं होती."

"हो."

"आणि मी इथं बसून जेवले. तुम्ही खात्रीनं म्हणालात म्हणून घास उतरला हो माझ्या घशाखाली."

त्यांनी तिला सगळं सांगितलं, पण दुसरं पान कुणाच्या बोलण्यावरून बंद झालं, तेवढं सांगितलं नाही. मी खिडकीत बसून सगळं ऐकत होते. चार पावलं बाहेर जाऊन मलाच ते सांगता आलं असतं. मी जागची हलले नाही.