दीड तासाचे आनंदराव

आनंदराव बँकेच्या खर्चाने एकदाच विमानात बसले, आणि जयपूरच्या मराठी मंडळींत जन्माचे वैमानिक होऊन बसले. राजा पार्कातल्या घरी कोणी चहाला आलं, की ऐकावंच लागे, "मुंबई? मतलब, लांब कुठंय? विमानानं दीड तास!" भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते अंतरही मोजून दाखवत. त्यांची बायको शालन तेवढ्यात आत जाऊन भांडी आपटायची. जयपुरातल्याच झोटवाड्याची बस कुठून सुटते हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या आकाशाच्या बाता ऐकून तिला किळस यायची.

मे महिन्यात शेजाऱ्यांच्या फोनवर शालनच्या माहेरून, मुलुंडहून, निरोप आला. तिच्या वडिलांना झटका आला होता आणि ते सारखं तिचं नाव घेत होते. शालनने लगोलग पिशवी भरली. "आत्ताच्या गाडीनं सवाई माधोपूर गाठते. तिथून मुंबईची गाडी मिळेल."

"गाडीनं?" आनंदरावांनी नाक मुरडलं. "बँक ऑफिसरची बायको धक्के खात जाणार? परवाची तिकिटं काढतो. दीड तासात बाबांच्या उशाशी!"

बाबांचा जीव टांगणीला, आणि ह्यांना हुद्द्याची पडलेली! तरीही ती थांबली. त्या थांबण्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सांगानेरच्या विमानतळावर आनंदराव कडक सफारीत येरझाऱ्या घालत होते. एवढ्यात धुळीची आंधी उठली. समोरची झाडं दिसेनाशी झाली. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आज फ्लाइट नहीं आएगी, साहब."

"मैं बैंक में ऑफिसर हूँ!" आनंदराव ओरडले. जणू धुळीने ह्यांचा हुद्दा विचारून उठायचं होतं.

शालनने पिशवी उचलली. "मी निघते."

"अगं, उद्या उडेल की! दीड तासाचा तर प्रश्न."

"मग तो दीड तास काढा इथंच बसून."

बाहेर टोंक रोडवर चाकसू गावाकडून आलेल्या खचाखच बसमध्ये ती घुसली. स्टेशन, सवाई माधोपूर, मग मुंबईच्या गाडीत दाराशी वर्तमानपत्र अंथरून बसली. एका फौजीच्या बायकोने तिला आपल्यातली भाकरी दिली. मुलुंडला पोचली तेव्हा वडील शुद्धीवर होते. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "वाट पाहायला लावलीस गं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या सकाळी ते गेले.

अंत्यसंस्कार आटोपल्यावर आनंदराव उगवले. विमान वाटेत थांबत थांबत आलं होतं, त्यांना दोनदा ओकारी झाली होती. तरी बाहेरच्या खोलीत, भेटायला आलेल्यांपुढे त्यांचं सुरू झालं, "जयपूर काय हो, दीड तास!"

शालन दारातून बघत राहिली. तिला रागही आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो.

परत निघताना त्यांनी विचारलं, "तुझंही विमानाचंच काढू ना?"

"नको. मी भावाबरोबर अस्थी घेऊन नाशिकला जातेय. तुम्ही व्हा पुढं. आणि दूधवाल्या भैयाला सांगा, यापुढं एकाचंच दूध घाल."