चेसिसवरचे दोन आकडे
गाडीच्या चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासताना कुणी दिसलं, की मला पन्नास सालानंतरची चाकणची ती सकाळ आठवते. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकत होतो, त्या मिस्त्रीचाचांनी लष्कराच्या लिलावातला एक मोडका ट्रक वर्षभर खपून उभा केला होता. कांदा पुण्याला न्यायचा, तर मालट्रक म्हणून नोंद हवी, आणि चेसिसवरचे शेवटचे दोन आकडे गंजून गेलेले. लिलावाच्या कागदाशी नंबर जुळला नाही, तर गाडी परत भंगारात. आदल्या जुम्म्याला चाचा नमाजाला गेले, तेव्हा मी पंच ठोकून ते आकडे उमटवले आणि गंज चढून ते जुने दिसावेत म्हणून वर मिठाचं पाणी चोळलं. चाचांना सांगितलं, गंज घासल्यावर मूळचेच आकडे निघाले. त्या सकाळी गाडी तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी पेन्सिल घासली, कागदाशी ताडून पाहिलं. "काय मिस्त्री, नंबर मूळचाच ना?" "साहेब, ह्या गाडीत काय खोटं निघालं, तर पुन्हा पाना हातात धरणार न्हाई!" गाडी पास झाली! गुलाल उधळत अर्धं गाव ट्रकमध्ये चढलं. चाचा पुढे जन्मभर सांगायचे, "खरं व्हतं म्हणून पास झालं, राव," आणि शेजारी बसून मी मान डोलवायचो. आता ते नाहीत, म्हणून लिहायला धजतो आहे. पण खरं सांगू? त्या दोन आकड्यांचा मला अजून अभिमान वाटतो, आणि लाज वाटते ती त्याचीच.